त्या आकड्याखालची सही

आमच्या मार्गदर्शक डॉक्टरांनी सात महिन्यांच्या एका गरोदर बाईला फसवलं. तिच्या अंगणात पाय न ठेवता, तिला न बघता, तिची तपासणी आपल्यासमोर झाली अशी सही त्यांनी केली. मीही तिला फसवलं, आणि माझा भाग मी खाली लिहिणार आहे, गाळणार नाही. पण सुरुवात त्यांच्यापासून करते, कारण कॉलेजनं मला पाठवलेल्या पत्रात माझं नाव चार वेळा आलं आहे आणि त्यांचं एकदाही नाही.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी मेडिकलच्या पहिल्या वर्षात बसले. त्याआधी अठरा वर्षं भिलाईत जुन्या फर्निचरचा धंदा केला. स्टील प्लांटमधला माणूस रिटायर झाला की त्याला क्वार्टर सोडावं लागतं. तीस-पस्तीस वर्षांचा संसार दोन खोल्यांतून काढून कुठंतरी न्यायचा असतो, आणि निम्मं सामान नव्या घरात मावत नाही. अशा घरी मी जायची. दिवाण, गोदरेजचं म्हणून सांगितलेलं कुठलंतरी लोखंडी कपाट, शिसवी म्हणून सांगितलेलं सागवानी टेबल. लाकडावर बोटानं ठोकून आत वाळवी आहे की नाही ते मी सांगायची. खरं सांगायचं तर बऱ्याचदा मला आवाजावरून काही कळायचं नाही. पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं तर समोरचा लगेच भाव चढवतो. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द मी अठरा वर्षांत कुणाच्या दिवाणखान्यात उच्चारले नाहीत.

बारावीला बायॉलॉजी घेऊन मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. पुढं काय झालं ते आमच्याकडच्या बहुतेक मुलींना माहीत आहे, त्यात वेगळं काही नाही. मग एकदा पद्मनाभपुरातल्या एका घरातून ड्रेसिंग टेबल उचलताना आरशाला गुंडाळलेल्या पेपरात वाचलं की मेडिकलच्या परीक्षेला आता वयाची वरची अट नाही. आरसा तसाच उभा धरून मी ती बातमी दोनदा वाचली. तीन वेळा परीक्षा दिली, तिसऱ्यांदा नंबर लागला.

लोकांना वाटतं हे फार धाडसाचं काम आहे. मी सांगते, पहिल्या दिवसापासून मला नुसती भीती वाटत होती. गेटवरचा गार्ड म्हणाला, “पेरेंट्स उधर बैठेंगे, मैडम.” वर्गात शिरले तर पन्नास-साठ पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं शिकवायला कुणी आलं. खाली बसल्यावर जो हशा पिकला तो मला आठवडाभर ऐकू येत होता. पोरं सुरुवातीला आंटी म्हणायची, मी डोळे वटारल्यावर दीदी म्हणायला लागली, आणि महिन्याभरात परत आंटीवर आली. ते चालून गेलं. भीती त्याची नव्हती. भीती ही, की रात्री पाठ केलेली हाताच्या नसांची नावं सकाळी डोक्यातून पुसून जायची, आणि शेजारची अठरा वर्षांची पोरगी बसमध्ये गाणी ऐकत येऊन तीच नावं धडाधड सांगायची.

आमचे मार्गदर्शक डॉक्टर कम्युनिटी मेडिसिनचे. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील. मी वर्गात एकदा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, “मैडम, आप तो अनुभवी हैं, आप ही बता दीजिए.” सगळे हसले. त्यानंतर मी त्यांना काही विचारलं नाही. माझा राग नाकावर असतो हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं राग गिळून खाली बसले. राग काढला असता तर सीट जाईल असं वाटायचं. कशानं जाईल ते माहीत नव्हतं, पण जाईल असं रोज वाटायचं.

पहिल्या वर्षालाच प्रत्येक गटाला गावातली काही कुटुंबं नेमून देतात. दर काही आठवड्यांनी बस करून न्यायचं, त्या घरातल्या माणसांचं वजन घ्यायचं, बीपी बघायचं, काय खातात-पितात ते विचारायचं, आणि सगळं एका वहीत लिहायचं. औषध द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आम्हाला काय येत होतं त्यातलं? बीपीचं यंत्र कसं लावतात ते नुकतंच शिकवलं होतं. म्हणून तर मार्गदर्शक सोबत असतात. त्यांनी प्रत्येक घरी यायचं, वही बघायची आणि सही करायची.

आम्हाला नेमून दिलेलं गाव बोरसीच्या पुढं होतं. बस पिंपळाखाली उभी राहायची, मार्गदर्शक डॉक्टर खिडकीला टॉवेल लावून आतच बसायचे. परतताना वह्यांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर जायचा आणि ते शेवटचं पान उघडून सही करत जायचे. पहिल्या खेपेपासून असंच चाललं होतं. पोरांना बरं वाटायचं, लवकर सुटायचो.

आमच्या गटात मी आणि तीन पोरं. ज्या घराबद्दल मी सांगते आहे तिथं एक सून होती, बावीस वर्षांची, सातवा महिना. सासू अंगणात तांदूळ निवडत होती. आम्ही शिरलो तसं तिनं पोरांकडं बघितलंसुद्धा नाही. माझे पिकलेले केस, चष्मा आणि पांढरा कोट बघून ती थेट माझ्यासमोर खाट ओढून उभी राहिली. “बइठव डाक्टरिन.”

मी बसले.

“कतका साल होगे डाक्टरी करत?” तिनं विचारलं. किती वर्षं झाली डॉक्टरकी करून.

आमच्यातला एक पोरगा तोंडावर हात ठेवून हसला. मी नुसती मान हलवली. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, अशी. धंद्यात अशी मान मी हजारदा हलवली आहे.

सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. पंप मारला, हवा सोडत गेले, कानातल्या नळीतून ठोके ऐकायचे असतात. मला आधी माझेच ऐकू येत होते. आकडा आला एकशे चौसष्ट आणि खाली एकशे दहा. परत घेतलं. तोच आकडा. मी पोरांकडं बघितलं.

“आंटी, बाईस साल की है, इसको बीपी कहाँ से आएगा,” एक जण इंग्रजी पुस्तकातलं वाक्य म्हणावं तसं म्हणाला. “मशीन खराब होगी.”

मुलीचे पाय सुजले होते. पैंजण घोट्यात रुतलं होतं. तिनं कपाळ दाबत सांगितलं की दोन-तीन दिवस डोकं ठणकतंय. मग तिनं मला विचारलं, सासूला नाही, पोरांना नाही, मला, “कुछु डर के बात तो नइ हे?”

तिथं मला म्हणायला हवं होतं की मला माहीत नाही. बसमध्ये डॉक्टर बसले आहेत, त्यांना बोलावून आणते. वीस पावलं होती. मी म्हणाले, “कुछ नहीं है. नमक कम खाओ, पाँव के नीचे तकिया रखो.” हे मी माझ्या आईकडून ऐकलं होतं, जिनं आम्हाला घरीच जन्म दिला आणि एक मूल गमावलं.

सासूच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिनं मला एकटीला दोन पेरू दिले.

वहीत मी आकडा खरा लिहिला. एकशे चौसष्ट, खाली एकशे दहा, आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मी मार्गदर्शकांसाठी काढलं होतं. तोंडानं विचारायची हिंमत नव्हती, म्हणून लिहून विचारलं. बसमध्ये त्यांनी माझी वही उघडली, प्रश्नचिन्हाखाली बोटभर जागेत सही केली, आणि पुढची वही घेतली. मी बघत होते. सही झाली म्हणजे त्यांनी बघितलं, त्यांनी बघितलं म्हणजे ठीक असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि पेरू पोरांना वाटून टाकले.

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हे गंमत म्हणून सांगितलं. कॉलेजची यंत्रं कशी मोडकी आहेत, बावीस वर्षांच्या पोरीचं बीपी एकशे चौसष्ट दाखवतात. शेजारच्या टेबलावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी समोसा खात होती. तिनं समोसा खाली ठेवला.

“कितना महीना?”

“सात.”

“पैरों में सूजन? सिरदर्द?”

मी हो म्हणाले.

“आंटी, उसको झटके आ सकते हैं,” ती म्हणाली. “माँ भी जा सकती है, बच्चा भी. आज ही दिखाना था. मतलब, उसी दिन.”

मला त्या क्षणी जी भीती वाटली तिच्यासारखी आधी कधी वाटली नव्हती. परीक्षेची भीती, हशाची भीती, सीटची भीती, सगळ्या एका झटक्यात फुटकळ झाल्या. तीन दिवस गेले होते. ती मुलगी उशी पायाखाली ठेवून पडली असेल, माझ्या शब्दावर.

मी मार्गदर्शकांच्या खोलीत गेले. ते फोनवर होते. मी उभी राहिले, मग न थांबता बोलायला लागले. त्यांनी फोनवर हात ठेवला. “मितानिन को बोल देता हूँ,” म्हणाले. मितानिन म्हणजे गावातली आरोग्याचं काम बघणारी बाई.

“आत्ता फोन करा, सर.”

“हो जाएगा, मैडम. पैनिक मत कीजिए. और अकेले वहाँ मत जाइए, परमिशन नहीं है.”

मी बाहेर बाकावर वीस मिनिटं बसले. दार उघडंच होतं. त्यांनी तोच फोन पुरा केला, मग चहा मागवला. मितानिनला फोन केला नाही. अठरा वर्षं मी समोरच्याचा चेहरा वाचून पोट भरलं आहे, त्यामुळं करणार नाहीत हेही कळलं.

नवरा रेल्वेत आहे, दुर्गला. ड्युटीवरून नुकताच घरी आला होता. आमची जुनी सामानाची छोटी गाडी अजून आहे. मी कोहक्याला घरी पोचले तेव्हा तो जेवायला बसत होता.

“उठा. गाडी काढा.”

“काय झालं? कोनाचं कपाट हाय?”

मी सांगितलं. सांगताना माझे दात वाजत होते. त्यानं ताट बाजूला सारलं.

“अठरा वर्सं लोकायच्या घरात घुसली,” गाडी चालवताना तो म्हणाला, “आता कावून थरथरून राहिली?”

“तिथं गेलो आणि ती नसली तर?”

तो म्हणाला, “नसली म्हंजे, माहेरी गेली असंल.” आम्ही दोघांनी ते खरं मानायचं ठरवलं.

गावात शिरलो तर त्या घरातून बायकांचा आवाज येत होता. बरेच आवाज, एकदम. माझे पाय गाडीतच राहिले. नवऱ्यानं दार उघडून मला हाताला धरून उतरवलं. मग कुणीतरी हसलं, आणि मी श्वास घेतला.

सधौरी होती. इकडे सातव्या महिन्यात मुलीची आई सात प्रकारचं करून आणते आणि मुलीला खाऊ घालते, ओटी भरते. मुलगी नव्या साडीत पाटावर बसली होती. चेहरा सुजून गोल झाला होता. सगळ्या बायका म्हणत होत्या, किती भरली आहे, तेज आलंय. मला बघून सासू उठली. “आगे हमर डाक्टरिन,” आमची डॉक्टरीण आली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि मला मानाच्या जागी बसवायला लागली.

मी म्हणाले, हिला आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे.

सासू हसली. “बड़े मैडम हा अपन मुँह ले कहे रिहिस, कुछु नइ हे.” मोठ्या मॅडमनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ती माझंच वाक्य माझ्यापुढं ठेवत होती, आणि त्याच्याइतकं जड त्या अंगणात दुसरं काही नव्हतं.

“मी चुकले होते. मी डॉक्टर नाही. मी शिकते आहे.”

एक म्हातारी खोकत हसली. “अतेक उमर मा कोन पढ़थे?” एवढ्या वयात कोण शिकतं.

सगळ्या हसल्या. मी जितकं जोरानं म्हणावं की मला काही येत नाही, तितकं त्यांना वाटत होतं की मोठी डॉक्टरीण नम्रपणानं बोलते आहे. आयुष्यभर मी माझी वस्तू आहे त्यापेक्षा चांगली आहे हे लोकांना पटवलं. ती वाईट आहे हे कसं पटवायचं ते मला माहीत नव्हतं. मी गळ्यातलं कॉलेजचं कार्ड काढलं आणि दारात उभ्या असलेल्या मुलीच्या दिराच्या हातात दिलं. तो शिकलेला होता.

त्यानं वाचलं. परत वाचलं. “फर्स्ट ईयर लिखे हे,” तो म्हणाला.

मग हसू थांबलं. सासू माझ्याकडं बघत राहिली, जशी क्वार्टरमधली बाई, कपाट गाडीत चढल्यावर आणि भाव कमी दिला हे कळल्यावर बघते. तशी नजर मी बऱ्याचदा पाठीवर घेऊन निघाले आहे. आज समोरून घेतली.

“त ओ दिन काबर नइ बताए?” त्या दिवशी का नाही सांगितलंस?

मी खूप उत्तरं देऊ शकले असते. मी म्हणाले, “डॉक्टरीण म्हटलं ते मला आवडलं होतं.” हिंदीत म्हणाले, पण हेच म्हणाले.

मला वाटलं आता दगड येईल. मुलीची आई तेवढ्यात पुढं झाली. ती सासूसारखी रागावली नाही, घाबरली, आणि घाबरलेल्या माणसाशी मला बोलता येतं, कारण मीही तशीच होते. तिचं म्हणणं होतं, सात जिन्नस करून आणले आहेत, पोरीच्या तोंडात पडल्याशिवाय घरातून काढणं बरं नाही. मी म्हणाले, गाडीत भरवा. ती म्हणाली, पाटावर. मी म्हणाले, प्रत्येकाचा एक घास, आणि लगेच उठायचं. ती म्हणाली, ओटी पण. मी म्हणाले, ओटी गाडीत. एवढ्यावर ठरलं. सात घास. एकेक घास मी मोजत होते. चौथ्या घासाला मुलगी म्हणाली की डोळ्यांपुढं चमकतंय. मी म्हणाले, बस. आईनं बाकीचं पदरात बांधलं.

गाडीच्या मागच्या फळीवर, जिथं मी लोकांचे दिवाण बांधायची, तिथं गादी टाकून तिला झोपवलं. मी तिचा हात धरला होता. बोटं वळायला लागली की झटका, असं मी ऐकलं होतं. म्हणून मी सगळ्या वाटेत तिची बोटं बघत होते. खड्डा आला की हात हले आणि माझा जीव जाई. नवरा काच खाली करून विचारायचा, “हाय ना?” मी म्हणायची, “हाय.” एवढंच बोलणं.

सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं, इंजेक्शनं सुरू केली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पहिल्यांदा बीपी कधी घेतलं होतं, कुणी? मी सोबत आणलेल्या वहीचं पान दाखवलं. त्यांनी आकडा बघितला, तारीख बघितली, सही बघितली. “और भेजा नहीं?” एवढंच म्हणाल्या, आणि पुढं गेल्या.

झटका आला, पण दवाखान्यात आला, डॉक्टरांच्या हातात आला. तीन दिवसांनी मुलगी झाली, तळहातापेक्षा थोडी मोठी, काचेच्या पेटीत. बरेच दिवस पेटीत राहिली. आता आईसोबत घरी आहे. अजून मान धरत नाही. सासू माझ्याशी बोलत नाही, पण बाळाचं वजन करायला मला देते.

मग कॉलेजचं पत्र आलं. विद्यार्थिनी परवानगीशिवाय गावात गेली, तिनं अधिकार नसताना सल्ला दिला, आणि धोक्याचा आकडा वेळेत कळवला नाही. सात दिवसांत खुलासा करावा, नाहीतर पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसू देणार नाही. कारवाईची शिफारस मार्गदर्शकांची आहे, असं खाली त्यांचं नाव न घालता लिहिलं आहे.

मी अजून घाबरलेली आहे. रोज यंत्राचा पट्टा कुणाच्या दंडाला बांधताना घाबरते, आणि आता मोठ्यानं सांगते की मला येत नाही, तुम्ही बघा. पोरं हसतात. हसू देत. मी मुलीला फसवलं, ते मी तिच्या अंगणात सात बायकांसमोर कबूल केलं. सल्ला दिला, हो. परवानगी नव्हती, हो. माझा खुलासा हा आहे, आणि मी तो सहीनिशी देते.

पण कळवला नाही, हे मी मान्य करत नाही. सर, मी लिहून कळवला, तुमच्या मांडीवर ठेवला, तुम्ही त्यावर पेन टेकवलंत. त्या दिवशी त्या गावात एकच डॉक्टर होता आणि तो पिंपळाखाली टॉवेल लावून बसला होता. तेव्हा सर, मला सात दिवस दिलेत तसे तुम्हीही सात दिवस घ्या. त्या घरी जा, त्या सासूसमोर खाटेवर बसा. तिनं मला विचारलं तेच ती तुम्हाला विचारेल, त्या दिवशी का नाही आलात. तिला उत्तर द्या. मग तेच उत्तर कॉलेजला लेखी द्या, आणि त्याखाली, वाचून, सही करा.